छुपा कॅमेरा आणि फिर्यादीची मुदत

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात चांदूर बाजार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी तो वक्त्यांनी स्वतः तपासून दिला आहे.)



कार्यकारिणीने मला या संमेलनात बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयाची निवड मजवरच सोपविली होती. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, वधुवर-सूचक मंडळाचे कार्य आणि संत्र्याच्या बागांवरील रोग या विषयांवर पुष्कळ विद्वानांनी विचार मांडले आहेत. मी मात्र आज ज्या विषयावर बोलणार आहे तो चारचौघांत, त्यातून स्त्रीपुरुषांच्या एकत्र सभेत, बोलण्याचा नव्हे असे आपल्यापैकी कित्येकांना वाटेल. स्त्रियांचे न्हाणीघरात, कपडे बदलण्याच्या खोलीत वा शयनगृहात चोरून चित्रण करणारे जे छुपे कॅमेरे आज निघाले आहेत त्यांविषयी, आणि विशेषेकरून अशा गुन्ह्याची फिर्याद किती दिवसांच्या आत झाली पाहिजे याविषयी, मला बोलावयाचे आहे. चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने मुदतीवर बोलावे यात नवल नाही. परंतु आज मी केवळ वकील म्हणून उभा नाही. या प्रकरणात माझ्याकडूनही चूक घडलेली आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढील विवेचनाला अर्थ येणार नाही.

आपल्या ज्ञातीतील एक मुलगी पदवीच्या शिक्षणासाठी अमरावतीस भाड्याच्या खोलीत राहत होती. तिचे नाव, गाव, कॉलेज यांपैकी काहीही मी सांगणार नाही, आणि सभा संपल्यावर कोणी तर्क लढवू नयेत अशी विनंती आहे. ती ज्या घरी राहत होती त्या घरमालकांच्या नात्यातील एका तरुणाने २०१७ साली न्हाणीघराच्या झरोक्यात मोबाईल ठेवून तिचे चित्रण केले. तिला याचा गंधही नव्हता. शिक्षण झाले, २०१९ साली लग्न झाले, ती सासरी नांदू लागली. २०२० च्या दिवाळीत माहेरी आली असता तिच्या एका मैत्रिणीने तिला ते चित्रण दाखविले. कोणाकडून आले तेही सांगितले. पोरीने तीन दिवस अन्न घेतले नाही. चौथ्या दिवशी आईजवळ बोलली, आईने बापाला सांगितले, आणि बाप पोलीसठाण्यात न जाता ज्ञातीतील चार मोठ्या माणसांकडे गेला.

तो तरुणही आपल्याच ज्ञातीतला होता. म्हणूनच बैठक भरली. रविवार, ता. ६ डिसेंबर २०२० रोजी पाचजण बसलो. होय, बसलो, त्या पाचांत मीही होतो. मुलाचा बाप रडला. मुलाने पाय धरले. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "झालं ते झालं बापा, आता पोरीचं नाव कायले कोर्टात काढता? सासरी समजलं तं तिलेच घरी बसा लागंल." सर्वांना ते पटले. मुलाला आमच्यादेखत मोबाईलमधील चित्रण पुसून टाकावयास लावले, आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला. त्या माफीनाम्याचा मसुदा माझा. भाषा कायदेशीर असावी म्हणून तो मजकडे आला, आणि मीही मोठ्या कौशल्याने तो लिहिला. मुलगी दाराशी उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट पूर्णपणे ठाऊक होती, आणि ती मी उच्चारली नाही. ती अशी की, या घटकेपासून तीन वर्षांचा काटा फिरू लागला आहे.

आता कायद्याकडे वळतो. दिवाणी दाव्याला मुदत असते हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. सावकाराच्या काळापासून आपण ते शिकलो आहोत. फौजदारी गुन्ह्याची गोष्ट पूर्वी वेगळी होती. १८९८ च्या जुन्या फौजदारी संहितेत अशी सर्वसाधारण मुदत नव्हती. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली आणि तिच्यात प्रथमच लहानसहान गुन्ह्यांना कालमर्यादा पडली. ज्या गुन्ह्यास केवळ दंड आहे त्यास सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असलेल्यास एक वर्ष. एक ते तीन वर्षे कैद असलेल्यास तीन वर्षे. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यास मुदत नाही. हेच गणित १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये कायम राहिले आहे.

यामागील तत्त्व वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. साक्षीदार मरतात, स्मृती पुसट होते, आणि बांधावरच्या भांडणातली शिवीगाळ दहा वर्षांनी उकरून काढून शेजाऱ्याला कोर्टात खेचावे हे कोणालाच इष्ट नाही. मी स्वतः अशा कित्येक खोडसाळ फिर्यादी मुदतीच्या बळावर उडवून लावल्या आहेत आणि त्याबद्दल मला खेद नाही. परंतु ज्यांनी १९७३ साली ही कलमे रचली त्यांच्यापुढे कॅमेरा म्हणजे काय होता? आपल्या बाजारात त्या काळी जो फोटो स्टुडिओ असे तो आठवा. लाकडी तिकाटणे, काळे फडके, आणि फोटो धुऊन मिळावयास आठ दिवस. कोणाचे चोरून छायाचित्र काढावयाचे म्हटले तरी ते धुणाऱ्याला कळल्यावाचून राहत नसे. आज विजेच्या दिव्यात, घड्याळात, भिंतीवरील प्लगात, पेनाच्या टोपणात कॅमेरा बसतो. २०२१ च्या जुलैत पुण्यात एका शिकाऊ महिला डॉक्टरच्या निवासस्थानी दिव्यामध्ये बसविलेले कॅमेरे सापडले, आणि त्या प्रकरणी पोलिसांनी एका डॉक्टरासच अटक केली, हे वृत्त आपण वाचले असेल. बहिरमच्या यात्रेत राहुटीमागे लुगड्याच्या आडोशाने स्नान करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना निदान कोण उभा आहे हे दिसत तरी होते.

अशा गुन्ह्यात आणि मारामारीत मूलभूत फरक आहे. डोके फुटलेल्या माणसाला आपले डोके फुटले हे त्याच क्षणी कळते. चित्रण झालेल्या स्त्रीला ते कधी कधी वर्षानुवर्षे कळत नाही, आणि कळते ते बहुधा दुसऱ्याच्या तोंडून. मग मुदत मोजावयाची कोठून?

सुदैवाने १९७३ च्या संहितेतील कलम ४६९ ने याचे अंशतः उत्तर देऊन ठेवले होते. नव्या संहितेत ते कलम ५१५ होय. मुदत साधारणतः गुन्ह्याच्या तारखेपासून सुरू होते. परंतु गुन्हा घडल्याचे पीडित व्यक्तीस किंवा पोलीस अधिकाऱ्यास ठाऊकच नसेल, तर ज्या दिवशी तो त्यांच्यापैकी कोणास प्रथम कळेल त्या दिवसापासून. आणि गुन्हा कोणी केला हे ठाऊक नसेल, तर गुन्हेगाराची ओळख प्रथम कळेल त्या दिवसापासून. म्हणजे आपल्या या मुलीचे चित्रण २०१७ साली झाले असले तरी तिचा काटा २०२० च्या दिवाळीत सुरू झाला. येथवर कायदा तिच्या बाजूस होता.

आता गुन्हा कोणता आणि त्यास शिक्षा किती, यावर सर्व अवलंबून आहे. दंड संहितेतील जुने कलम ५०९, ज्यात स्त्रीच्या एकान्तावर आक्रमण करणेही येते, त्यास २०१३ पर्यंत कमाल एकच वर्षाची साधी कैद होती. अर्थात फिर्यादीची मुदतही एकच वर्ष. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात आपला अहवाल दिला, आणि त्यानंतर झालेल्या २०१३ च्या दुरुस्तीने कलम ५०९ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढली. त्याच दुरुस्तीने कलम ३५४-सी हे नवे कलम आले. एखादी स्त्री, आपल्याला कोणी पाहणार नाही अशी सामान्यतः अपेक्षा असलेल्या ठिकाणी खाजगी कृत्यात असता, तिला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते चित्रण पसरविणे हा त्यान्वये स्वतंत्र गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास किमान एक व कमाल तीन वर्षे कैद. दुसऱ्या वा पुढील अपराधास तीन ते सात वर्षे. नव्या न्याय संहितेत हेच कलम ७७ आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई, जे २००९ पासून अंमलात आहे, त्यातही कमाल तीन वर्षे कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

सर्वत्र तीन हा आकडा. म्हणून मुदतही तीन वर्षे. कमाल शिक्षा चार वर्षे असती तर मुदतीचा प्रश्नच उद्भवला नसता, हे ध्यानात घ्यावे. एका वर्षाच्या फरकाने गुन्हा कायमचा जिवंत राहतो किंवा तीन वर्षांत मरतो. शिक्षेचा आकडा ठरविताना संसदेत पुष्कळ चर्चा होते. त्याच आकड्याने फिर्यादीचे दार केव्हा बंद होणार हेही ठरते, याकडे लक्ष क्वचितच जाते.

आता पुन्हा माझ्या गोष्टीकडे येतो. तीन वर्षे शांततेत गेली. मुलगी संसारात रमली. नवऱ्याला काही ठाऊक नव्हते. २०२३ च्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या मोबाईलवर तेच चित्रण पुन्हा आले, सोबत पैशाची मागणी, आणि पैसे न दिल्यास "हे तूच मला दिले होतेस" असे सासरी कळविण्याची धमकी. म्हणजे जो मोबाईल आम्ही पुसला त्याच्या आधीच त्याची नक्कल दुसरीकडे गेली होती. माफीनाम्याची तारीख ६ डिसेंबर २०२०, आणि हा निरोप ६ डिसेंबर २०२३ नंतर अवघ्या पंधरवड्यात. हा योगायोग असू शकेल. मला तसे वाटत नाही.

ती फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्याकडे आली. तोवर तिने नवऱ्याला सर्व सांगितले होते, आणि तो तिच्यासोबत आला होता. त्या तरुणाविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो येथे व्यक्त करणे अगत्याचे वाटते. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काकाजी, तवा तुमी तं होतेच. मले कोणी सांगतलंच नाही का तीन वर्सात जा लागते म्हणून." मजजवळ उत्तर नव्हते.

कायदेशीर स्थिती मी तिला सांगितली, तीच आपणांसही सांगतो; कारण उद्या तुमच्यापैकी कोणाच्याही घरी ही वेळ येऊ शकते.

पहिली गोष्ट, डिसेंबर २०२३ मध्ये चित्रण पुन्हा पाठविणे हा नवा गुन्हा आहे. चित्रण करणे आणि ते पसरविणे या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न कृती असून प्रत्येक प्रसारणास स्वतःची तारीख असते. तेवढ्यापुरती मुदत ताजी आहे. दुसरी गोष्ट, स्त्रीच्या चारित्र्यावर आरोप करण्याची धमकी देणे यास जुन्या कलम ५०६ च्या उत्तरार्धात सात वर्षांपर्यंत कैद आहे. नव्या संहितेत ते कलम ३५१ मध्ये आले आहे. सात वर्षांच्या गुन्ह्यास मुदतच नाही. आणि अनेक गुन्हे एकत्र चालविले जात असतील तर त्यांतील सर्वांत जड शिक्षेच्या गुन्ह्यावरून मुदत पाहावी असे कायदा म्हणतो. २०१७ चे चित्रण आणि २०२३ ची धमकी एकत्र चालविता येतील किंवा कसे, यावर बचावपक्ष अर्थातच हरकत घेईल आणि निर्णय न्यायालयाचा. म्हणून तिसरी गोष्ट: विलंबाचे योग्य कारण दाखविल्यास, अथवा न्यायाच्या हिताकरिता आवश्यक वाटल्यास, मुदत संपल्यावरही न्यायालय गुन्ह्याची दखल घेऊ शकते. जुन्या संहितेचे कलम ४७३, नव्या संहितेचे ५१९. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली वैवाहिक छळाच्या एका खटल्यात असे म्हटले आहे की, स्त्री मुकाट्याने सोसत असता गेलेला काळ मोजताना न्यायालयांनी हे कलम उदारपणे वाचावे.

चौथी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. मुदत मोजताना तारीख कोणती धरावी, फिर्याद दिली ती, की न्यायालयाने दखल घेतली ती, याविषयी फार काळ गोंधळ होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो मिटविला. फिर्याद दाखल झाल्याची तारीखच महत्त्वाची, न्यायालय किंवा पोलीस यांच्या दिरंगाईची शिक्षा फिर्यादीस नको. नव्या संहितेत हे स्पष्टीकरण म्हणून छापलेच आहे. यास्तव पोलीसठाण्यात केवळ तोंडी सांगून परत येऊ नये. खबर नोंदवून घ्यावी, तिची प्रत घ्यावी, ती विनामूल्य मिळते. गुन्हा अमरावतीस घडला असला तरी चांदूर बाजारच्या ठाण्यात खबर देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठविणे नव्या संहितेच्या कलम १७३ ला धरून नाही. ठाण्यात दाद न लागल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावे, आणि तेथेही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

तिची फिर्याद नोंदली गेली, दोषारोपपत्र दाखल झाले, विलंब क्षमापित करण्याचा अर्ज न्यायालयापुढे आहे. आणि बचावपक्षाने जो मुख्य कागद पुढे केला आहे तो कोणता म्हणाल? माझ्या मसुद्याचा तो माफीनामा. त्यावरील तारखेने हे निर्विवाद सिद्ध होते की, ६ डिसेंबर २०२० रोजी मुलीला गुन्हाही ठाऊक होता आणि गुन्हेगारही. त्याच कागदात आरोपीची कबुलीही आहे, हे खरे. तिचा फिर्यादी पक्षाला उपयोग होईल. परंतु तिला जे तीन महिने कमी पडले ते त्या कागदाने मोजून दिले आहेत. मी आता त्या खटल्यात साक्षीदार आहे, आणि साक्षीदार वकिलाला त्याच खटल्यात उभे राहता येत नाही. तिचे काम दुसरे वकील पाहत आहेत.

आम्ही आणखी एक पराक्रम केला होता. मोबाईलमधील चित्रण पुसून टाकले. त्या वेळी आम्हांला वाटले की पाप धुतले. वास्तविक आम्ही पुरावा नष्ट केला. मूळ साधन, त्यातील तारीख, वेळ, ते कोणास पाठविले याची नोंद, हे सर्व प्रयोगशाळेत तपासता आले असते. ज्या नकला बाहेर होत्या त्या बाहेरच राहिल्या. म्हणून माझे सांगणे असे की, असा प्रकार उघडकीस आल्यास चित्रण पुसू नये, कोणास पाठवू नये, फोन बदलू नये. आलेला निरोप, क्रमांक, तारीख जशीच्या तशी ठेवून पोलिसांच्या स्वाधीन करावी.

आणि मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर वडीलधाऱ्यांनी घरात बसून निवाडा करण्याचा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ अन्वये असा गुन्हा ज्यास ठाऊक झाला त्या प्रत्येकावर तो कळविण्याचे बंधन आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ती शिक्षा त्या बैठकीत बसलेल्या पंचांनाही लागू आहे, पंच कितीही प्रतिष्ठित असोत. बालकाचा अश्लील चित्रणासाठी वापर करणाऱ्यास मात्र किमान पाच वर्षे कैद असल्याने तेथे मुदतीचा अडसर नाही.

हा केवळ आपल्या वऱ्हाडचा किंवा आपल्या ज्ञातीचा प्रश्न आहे असे नव्हे. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, २०१४ साली एका यहुदी धर्मगुरूस अटक झाली. स्त्रिया ज्या ठिकाणी धार्मिक विधीचे स्नान करीत त्याच्या कपडे बदलण्याच्या खोलीत त्याने घड्याळ-रेडिओमध्ये कॅमेरा लपविला होता. सुमारे दीडशे स्त्रियांचे चित्रण सापडले. परंतु तेथील कायद्यातही मुदत तीन वर्षांची; म्हणून आरोप ठेवता आले ते बावन्न स्त्रियांपुरते. त्यास २०१५ साली साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या जवळजवळ शंभर स्त्रियांचे काय? त्यांना पोलिसांनी बोलावून चित्रणात तुम्ही आहात एवढे सांगितले, आणि तुमच्यासाठी खटला होणार नाही हेही सांगितले. गुन्हा तोच, गुन्हेगार तोच, खोली तीच; केवळ दिनदर्शिकेवरील तारीख निराळी.

आपल्या महाराष्ट्रातील जळगावचे प्रकरण ज्येष्ठांना आठवत असेल. १९९४ साली ते उघडकीस आले. मुलींची छायाचित्रे व चित्रफिती काढून त्यांच्या धाकावर त्यांना वर्षानुवर्षे छळण्यात आले होते. अरविंद इनामदार यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्याने तपास केला, तरीही पुढे येऊन साक्ष देण्यास धजावलेल्या स्त्रिया थोड्या, आणि सुटलेले आरोपी पुष्कळ. त्या काळी माहिती तंत्रज्ञान कायदा नव्हता, कलम ३५४-सी नव्हते. तेथील मुख्य आरोप बलात्काराचे असल्याने मुदतीची आडकाठी नव्हती, ही गोष्ट खरी. पण मुदत नसली तरी विलंब असतोच. 'इतकी वर्षे गप्प का होता' हा प्रश्न उलटतपासणीत प्रत्येक वकील विचारतो. मीही विचारला आहे. राजस्थानातील अजमेरच्या १९९२ च्या अशाच प्रकरणात सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी. तोवर ज्या मुली होत्या त्या आज्या झाल्या होत्या. मुदत नसलेल्या गुन्ह्यात न्याय असा रखडतो, आणि मुदत असलेल्यात दारच लागते. स्त्रीला दोहोंपैकी कोणते बरे वाटावे हे मला सांगता येणार नाही.

कायद्यातील एका उणिवेचा उल्लेख करून हा भाग संपवितो. मुदत सुरू होण्यासाठी गुन्हा पीडितेला 'किंवा कोणाही पोलीस अधिकाऱ्याला' कळणे, यांतील जे आधी घडेल ते धरावे, असे शब्द आहेत. ज्या काळी पोलिसास कळणे म्हणजे गावास कळणे होते त्या काळी हे ठीक होते. आज समजा एखाद्या ठाण्याने हार्ड डिस्क जप्त केली आणि तिच्यात चाळीस अनोळखी स्त्रियांची चित्रणे निघाली. पोलिसांस कळले. त्या चाळीस जणींपैकी सदतीस जणींना कधी कोणी सांगितले नाही. त्यांच्या नकळत त्यांचे चित्रण झाले, त्यांच्या नकळत त्यांची मुदत सुरू होते, आणि त्यांच्या नकळत ती संपूही शकते. विलंबमाफीचे कलम आहे, परंतु ती न्यायालयाच्या विवेकाधीन सवलत झाली, हक्क नव्हे. अशा गुन्ह्यात मुदत स्त्रीला स्वतःला कळेल त्या दिवसापासूनच मोजावी, अशी दुरुस्ती व्हावयास हवी असे माझे मत आहे. पूर्वी ज्यांनी माझ्याकडून वकीलपत्रे दिली त्यांपैकी काहीजण म्हणतील की यामुळे निरपराध तरुण वीस वर्षांनीही अडकेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. परंतु येथे गुन्ह्याचा मुख्य साक्षीदार म्हणजे खुद्द चित्रण. ते म्हातारे होत नाही आणि त्याची स्मृतीही जात नाही. मुदतीचे जुने कारण येथे फारसे लागू पडत नाही.

आता आपल्या संस्थेपुरते दोन शब्द. आपले मंगल कार्यालय आपण वर्गणी काढून बांधले आणि लग्नसराईत ते एक दिवस रिकामे नसते. काल मी वधूपक्षाची खोली पाहिली. न्हाणीघराच्या झरोक्यास जाळी नाही, तो मागील बोळात उघडतो, आणि त्या बोळात डेकोरेशनवाल्याची, वाजंत्र्याची, वाढप्यांची ये-जा असते. खोलीतील एक दिवा आणि भिंतीवरील घड्याळ कोणी बसविले हे व्यवस्थापकांस ठाऊक नव्हते. मी कोणावर संशय घेत नाही. तरीही झरोक्यास आठ दिवसांत जाळी व पुठ्ठा बसावा, खोलीतील वस्तूंची यादी असावी, आणि प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी दोन स्त्रियांनी दिवे मालवून बॅटरीच्या उजेडात ती खोली तपासावी, म्हणजे काचेचा भिंग असल्यास चमकतो.

दुसरे, ठरावाचा एक मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. अशा गुन्ह्यात ज्ञातीच्या नावाने कोणतीही बैठक भरू नये, तडजोड होऊ नये, माफीनामा लिहून घेऊ नये. उलट पीडित मुलगी इच्छील तर चोवीस तासांच्या आत तिला ठाण्यापर्यंत सोबत देण्यासाठी दोन स्त्रियांची व एका वकिलाची नावे संस्थेच्या फलकावर असावीत. 'इच्छील तर' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. मागील वेळी आम्ही तिला विचारले नव्हते. वकिलाच्या जागी माझे नाव घालण्यास हरकत नाही, फक्त तो एक खटला वगळून. उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव वाचला जाईल. त्यावर वडीलधाऱ्यांनी मोकळेपणाने विरोध करावा, पण तो सभेत करावा, ओट्यावर नव्हे.